सेक्टर आठ, पण कुठला?

नवी मुंबईत रिक्षात बसून नुसते 'सेक्टर आठ' म्हटले की रिक्षावाला मान वळवून विचारतो, "कुठला?" सेक्टर आठ ऐरोलीत आहे, वाशीत आहे, नेरुळला आहे आणि बेलापूरलाही आहे. सिडकोने हे शहर एकेका नोडने, म्हणजे उपनगरासारख्या विभागाने, वसवले आणि प्रत्येक नोडमध्ये सेक्टरांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू केली. त्यामुळे इथल्या पत्त्यात एकटा आकडा लंगडा पडतो, त्याला नोडच्या नावाची जोड लागते. ऐरोलीतल्या ऐरोलीत फिरायचे असेल, तर मात्र 'सेक्टर आठ' एवढे बोलणे पुरते. दोन पत्ते एकच आहेत की वेगळे, हे नुसत्या पत्त्यांकडे बघून ठरत नाही. कोण विचारतो आहे आणि कशासाठी, तेही बघावे लागते.

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने एमआयडीसीच्या टीटीसी या औद्योगिक पट्ट्यात एके काळी रसायनांच्या आणि यंत्रांच्या कारखान्यांची दाटी होती. आज त्याच पट्ट्यात ऐरोलीला माइंडस्पेससारखी आयटी पार्क उभी आहेत. तिथे बसून प्रोग्राम लिहिणाऱ्यांपुढे रिक्षावाल्याचा हा प्रश्न वेगवेगळी रूपे घेऊन रोज येतो. हे दोन ग्राहक एकच का? ही पावती आधी नोंदली होती का? हा पत्ता आपल्या यादीत आहे का? ऑब्जेक्ट ओरिएंटेड भाषांमध्ये या साऱ्याला 'इक्वॅलिटी', म्हणजे बरोबरी म्हणतात. वरवर पाहता दोन ऑब्जेक्टच्या मध्ये बरोबरीचे चिन्ह टाकण्याएवढेच हे काम आहे. प्रत्यक्षात बरोबरी ही संगणकाला शोधून काढता येणारी गोष्ट नाही. ती माणसाने ठरवून द्यावी लागते, आणि एकदा ठरवली की तिचे कायदे मोडून चालत नाही.

एक ऑब्जेक्ट, दोन प्रश्न

ऑब्जेक्ट म्हणजे एकमेकींशी संबंधित माहितीचा एक संच आणि त्या माहितीवर करायच्या क्रिया, असे एकत्र बांधलेले गाठोडे. 'पत्ता' नावाचा क्लास, म्हणजे अशा ऑब्जेक्टचा साचा, केला, तर त्याच्या प्रत्येक ऑब्जेक्टमध्ये नोड, सेक्टर, भूखंड क्रमांक आणि पिन कोड अशी चार फील्ड असतील. जावासारख्या भाषेत व्हेरिएबलमध्ये हा ऑब्जेक्ट स्वतः बसत नाही. तो मेमरीत कुठे आहे, याचा निर्देश तेवढा तिथे असतो. त्याला रेफरन्स म्हणतात.

म्हणून दोन व्हेरिएबलांची तुलना करताना दोन निराळे प्रश्न निघतात. दोघांचा निर्देश एकाच ऑब्जेक्टकडे आहे का? की ऑब्जेक्ट दोन आहेत, पण आतली माहिती सारखी आहे? पहिल्या प्रश्नाला आपण 'तोच का' म्हणू, दुसऱ्याला 'तसाच का'.

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंगच्या जन्मापासून हे दोन प्रश्न वेगळे ओळखले गेले आहेत. नॉर्वेच्या ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड यांनी घडवलेल्या सिम्युला ६७ या भाषेत रेफरन्सच्या तुलनेसाठी == हे चिन्ह होते आणि मूल्यांच्या तुलनेसाठी साधे =. स्मॉलटॉक या भाषेनेही हीच विभागणी ठेवली. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेम्स गॉसलिंग यांच्या पुढाकाराने तयार होऊन १९९५ मध्ये जाहीर झालेल्या जावात मात्र सी भाषेची वळणे आली. तिथे साध्या आकड्यांमध्ये == टाकले की मूल्ये ताडली जातात, आणि ऑब्जेक्टमध्ये तेच चिन्ह टाकले की 'तोच का' विचारले जाते. 'तसाच का' विचारायला 'इक्वल्स' नावाची वेगळी मेथड, म्हणजे क्रिया, आहे. नवशिक्यांची निम्मी फसगत या एका चिन्हाच्या दुहेरी कामातून होते.

शिवाय इक्वल्ससुद्धा आपण काही सांगितले नाही तर 'तोच का' एवढेच तपासते. जावातला प्रत्येक क्लास 'ऑब्जेक्ट' नावाच्या मूळ क्लासचा वंशज असतो, आणि त्या मूळ क्लासचे इक्वल्स रेफरन्स ताडून मोकळे होते. ऐरोली, सेक्टर ८ आणि एकच भूखंड क्रमांक घालून पत्त्याचे दोन ऑब्जेक्ट बनवले, तरी जावा त्यांना बरोबर मानणार नाही. भाषा घडवणाऱ्यांचे हे धोरण सावध आहे. पत्त्यातले कोणते फील्ड महत्त्वाचे आणि कोणते गौण, हे भाषेला कसे कळावे?

आठ पास, ४००७०८ नापास

'तोच' आणि 'तसाच' यांची गल्लत पकडणे अवघड जाते, कारण पुष्कळदा चुकीचा प्रश्न विचारूनही उत्तर बरोबर येते. जावातला साधा आकडा 'इंट' असतो, पण तो यादीत ठेवायचा असेल तर 'इंटिजर' नावाच्या ऑब्जेक्टमध्ये गुंडाळावा लागतो. २००४ साली आलेल्या जावा ५ पासून ही गुंडाळणी भाषा आपोआप करते. अशा दोन इंटिजरांत सेक्टर क्रमांक ८ घाला आणि मध्ये == टाका. उत्तर येते 'खरे'. आता दोन्हींत ऐरोलीचा पिन कोड ४००७०८ घाला आणि पुन्हा तीच तुलना करा. या वेळी उत्तर 'खोटे' येते.

याचे कारण काटकसरीत आहे. उणे १२८ पासून १२७ पर्यंतचे आकडे सतत लागतात, म्हणून त्यांचे ऑब्जेक्ट जावा तयार ठेवते आणि जो मागेल त्याला तेच देते. आठ कितीही वेळा गुंडाळा, हाती येतो तो एकच ऑब्जेक्ट. ४००७०८ त्या पल्ल्याबाहेर असल्याने एरवी प्रत्येक वेळी नवा ऑब्जेक्ट मिळतो, आणि दोन नवे ऑब्जेक्ट 'तोच' या कसोटीला उतरत नाहीत. नवी मुंबईतल्या सेक्टरांचे आकडे १२७ च्या कितीतरी आत आहेत. सेक्टर क्रमांकांवर चाचणी घेणाऱ्याला सगळे आलबेल दिसेल, आणि त्याच पद्धतीने पिन कोड ताडले गेले की प्रोग्राम घसरेल. पायथनच्या नेहमीच्या अंमलबजावणीतही असाच राखीव पल्ला आहे, उणे ५ पासून २५६ पर्यंत. म्हणून तिथे 'तोच का' विचारणारा 'इज' हा शब्द आकड्यांसाठी वापरू नये असे सांगतात.

मजकुराचीही तीच कथा. प्रोग्राममध्येच अवतरणात लिहिलेल्या 'ऐरोली' या स्ट्रिंगची जावा एकच प्रत ठेवते. ती दहा ठिकाणी लिहिली तरी दहाही रेफरन्स एकीकडेच बोट दाखवतात, आणि == लावून भागते. पण वापरणाऱ्याने फॉर्ममध्ये टंकलेले 'ऐरोली' बाहेरून येते. त्याचा ऑब्जेक्ट वेगळा असतो आणि == तिथे हात टेकते.

ऐरोलीचे तीन ऐ

मग स्ट्रिंगसाठी इक्वल्स वापरले की प्रश्न मिटला का? मराठीत तरी नाही. इक्वल्स अक्षरांचे क्रमांक एकामागून एक ताडते, आणि आपली अक्षरे एकाहून अधिक क्रमांकमालिकांनी लिहिता येतात.

युनिकोडमध्ये 'ऐ' या स्वराला स्वतंत्र क्रमांक आहे, दशमान पद्धतीत २३२०. कोणी घाईत आधी ए टंकतो, क्रमांक २३१९, आणि त्यावर एक मात्रा देतो, क्रमांक २३७५. अनेक फॉन्टांत पडद्यावर हुबेहूब ऐ उमटतो. तिसरा कोणी सावरकरांच्या लिपिशुद्धीतल्या अ-च्या बाराखडीप्रमाणे अ-वर दोन मात्रा देतो, म्हणजे २३०९ आणि २३७६. वाचणारा तिन्ही ठिकाणी ऐरोलीच वाचतो. संगणकाच्या लेखी पहिल्या शब्दात पाच क्रमांक आहेत, उरलेल्या दोहोंत सहा-सहा. इक्वल्सच्या दरबारी ही तीन गावे झाली. ऐ-साठी ए आणि मात्रा अशी जोडी वापरू नका, असे युनिकोडचे प्रमाण सांगते. पण ती जोडी ऐ-शी समतुल्य आहे असे मात्र ते मानत नाही. त्यामुळे मजकूर प्रमाणरूपात आणणारे नॉर्मलायझेशनही या दोहोंना एकत्र आणत नाही.

कऱ्हाडच्या बाबतीत ते अर्धे काम करते. त्यातला ऱ एकच अक्षर म्हणून २३५३ या क्रमांकाने लिहिता येतो, किंवा साधा र आणि खालचा नुक्ता अशा दोन क्रमांकांनी. युनिकोड या दोन रूपांना समतुल्य मानते, त्यामुळे नॉर्मलायझेशननंतर ती एक होतात. पण ऱ्ह या जोडाक्षरासाठी र, हलन्त आणि न दिसणारे एक सांधणारे चिन्ह अशी तिसरी पद्धतही प्रचलित आहे. ती वेगळीच राहते. याच्या उलटही घडते. मराठी छपाईतला दोन पाकळ्यांचा ल आणि हिंदी छपाईतला उभ्या दंडाचा ल डोळ्यांना वेगळे दिसतात, पण दोघांचा क्रमांक २३५४ हा एकच आहे.

तेव्हा 'तसाच' म्हणजे तरी काय, हेही ठरवावे लागते. डोळ्यांना तसाच, क्रमांकांनी तसाच, की अर्थाने तसाच? गावांची नावे ताडणाऱ्या प्रोग्रामने आधी ही रूपे एका साच्यात बसवायला हवीत. सहीसाठी आलेल्या दस्तऐवजात एक क्रमांकही बदलला नाही ना, हे बघणाऱ्या प्रोग्रामने मात्र त्यांना मुळीच हात लावता कामा नये.

वेलणकरांचा सहा आकडी तोडगा

नावांच्या या गोंधळाशी टपाल खाते संगणकाच्या कितीतरी आधीपासून झुंजत होते. एका नावाची अनेक गावे, चुकीचे पत्ते आणि वेगवेगळ्या भाषांत लिहिलेली नावे, यांवर तोडगा म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिन कोड सुरू झाला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव होते आणि संस्कृतचे नामवंत कवीही होते. सहा आकड्यांतला पहिला आकडा टपालाचा विभाग दाखवतो, पहिले तीन मिळून वर्गवारीचा जिल्हा दाखवतात आणि शेवटचे तीन बटवड्याचे टपाल कार्यालय. ऐरोली ठाणे जिल्ह्यात आहे, तरी तिच्या कोडची सुरुवात मुंबईच्या ४०० ने होते, कारण ही वर्गवारी टपालाच्या सोयीची आहे, महसुलाची नव्हे. वेलणकरांनी ओळख नावावरून काढून क्रमांकावर ठेवली, आणि ती कोणाच्या कामासाठी हवी आहे हे आधी ठरवले.

एरिक इव्हान्स यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'डोमेन-ड्रिव्हन डिझाइन' या पुस्तकात ऑब्जेक्टचे दोन प्रकार मांडले आहेत, त्यांची इथे मदत होते. काही ऑब्जेक्ट निव्वळ मूल्य असतात: शंभर रुपये, १५ ऑगस्ट ही तारीख, एखादा पत्ता. त्यांच्यात माहिती सारखी म्हणजे ऑब्जेक्ट सारखे, बाकी काही बघायचे नसते. काहींना स्वतःची ओळख असते: माणूस, बँकेतले खाते, संस्था. त्यांची माहिती बदलत राहते, पण ते तेच राहतात.

ऐरोलीत याचा दाखला ठाणे-बेलापूर रस्त्यावरच आहे. पटणी कॉम्प्युटर सिस्टिम्सचे तिथले नॉलेज पार्क २०११ च्या खरेदीनंतर आयगेटचे झाले, आणि २०१५ मध्ये आयगेट कॅपजेमिनीने घेतल्यावर कॅपजेमिनीचे. वास्तू तीच राहिली, पाटी बदलत गेली. कार्यालयांची बरोबरी कंपनीच्या नावावर ठरवणाऱ्या प्रोग्रामच्या नोंदीत त्या जागेवर एकामागून एक तीन कार्यालये उगवली असती. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, तेव्हाही नावावर विसंबलेल्या याद्यांपुढे हाच पेच होता.

माणसांच्या बाबतीत तर नाव, जन्मतारीख आणि पत्ता हे तिन्ही मिळूनही पुरत नाहीत. जुळ्या भावंडांचे पत्ते आणि जन्मतारखा एकच असतात. एकाच माणसाचे नाव तीन कागदांवर तीन प्रकारे लिहिलेले असते. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार क्रमांक वाटले गेले, त्या योजनेचा गाभा हाच होता. आधी बोटांचे ठसे आणि बुबुळे ताडून हा माणूस पूर्वी नोंदलेला नाही याची खात्री करायची, मगच क्रमांक द्यायचा. तो बारा आकडी क्रमांक मुद्दाम अर्थहीन ठेवलेला आहे. त्यात राज्य नाही, वय नाही, जात नाही. अर्थ असलेल्या क्रमांकाचा अर्थ उद्या बदलू शकतो. अर्थहीन क्रमांकाला ती भीती नाही.

प्रोग्राममध्येही ओळख असलेल्या ऑब्जेक्टला असाच अर्थहीन क्रमांक देतात आणि इक्वल्समध्ये तेवढाच ताडतात. यातही एक मेख आहे. हा क्रमांक बहुधा डेटाबेस देतो, म्हणजे नोंद साठवल्यावर मिळतो. त्याआधी दोन नव्या ग्राहकांचे क्रमांकाचे फील्ड रिकामेच असते, आणि निष्काळजीपणे लिहिलेले इक्वल्स 'दोन्ही रिकामे, म्हणजे एकच' असा निकाल देते. क्रमांक मिळेपर्यंत प्रत्येक ऑब्जेक्ट फक्त स्वतःशी बरोबर, हे तिथे स्पष्ट लिहावे लागते.

बरोबरीचे कायदे

कोणती फील्ड धरायची हे ठरवायला आपण मोकळे आहोत, पण मनमानी करायला नाही. जावाच्या अधिकृत दस्तऐवजात इक्वल्ससाठी पाच अटी दिल्या आहेत. प्रत्येक ऑब्जेक्ट स्वतःशी बरोबर असला पाहिजे. पहिला दुसऱ्याशी बरोबर असेल तर दुसराही पहिल्याशी असला पाहिजे. पहिला दुसऱ्याशी आणि दुसरा तिसऱ्याशी बरोबर असेल, तर पहिला तिसऱ्याशीही. माहिती बदलली नसेल तर पुन्हा विचारल्यावर उत्तर बदलता कामा नये. आणि 'नल'शी, म्हणजे काहीच नसण्याशी, कोणीही बरोबर नाही. यातल्या पहिल्या तीन गणितातल्या समतुल्यता संबंधाच्या अटी आहेत.

दुसरी अट खुद्द जावाच्या ग्रंथालयात मोडलेली आहे. तिथला 'टाइमस्टॅम्प' हा क्लास 'डेट'चा वंशज आहे, आणि नॅनोसेकंदांपर्यंतची वेळ ठेवायला त्याच्यात एक जादा फील्ड आहे. 'डेट'ला विचारले, की हा टाइमस्टॅम्प तुझ्याशी बरोबर आहे का, तर तो 'हो' म्हणू शकतो. तोच प्रश्न टाइमस्टॅम्पला विचारला तर उत्तर कायम 'नाही'. ही विसंगती दस्तऐवजातच नोंदवलेली आहे.

जोशुआ ब्लॉक यांनी २००१ च्या 'इफेक्टिव्ह जावा'मध्ये या दुखण्याचे मूळ दाखवले. ज्या क्लासचे ऑब्जेक्ट करता येतात, त्याला वंशज जोडून तुलनेत धरायचे नवे फील्ड घातले, तर ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धतीचे फायदे सोडल्याशिवाय पाचही अटी पाळता येत नाहीत. आपल्या 'पत्ता' क्लासचा 'कार्यालयाचा पत्ता' असा वंशज करून त्यात मजल्याचे फील्ड घातले, तर साधा पत्ता मजल्याकडे दुर्लक्ष करून 'बरोबर' म्हणेल आणि कार्यालयाचा पत्ता मजला मागेल. साध्या पत्त्यापुढे कार्यालयाच्या पत्त्यानेही मजला सोडून द्यावा, अशी तडजोड केली तर तिसरी अट मोडते. तिसरा मजला साध्या पत्त्याशी बरोबर, साधा पत्ता सातव्या मजल्याशी बरोबर, पण तिसरा आणि सातवा मात्र बरोबर नाहीत. ब्लॉक यांचा सल्ला असा, की वंशज करूच नका. कार्यालयाच्या पत्त्याच्या आत एक पत्ता आणि एक मजला अशी दोन फील्ड ठेवा.

तिसरी अट मोडायची आणखी एक लोकप्रिय वाट म्हणजे 'जवळपास सारखे म्हणजे सारखेच' असे मानणे. नकाशावरचे दोन बिंदू ठराविक अंतराच्या आत असतील तर एकच मानायचे, असे कोणी ठरवले, तर बिंदू बिंदू जोडत ट्रान्स-हार्बर रेल्वेमार्गाने ऐरोलीची बरोबरी रबाळ्याशी, रबाळ्याची घणसोलीशी आणि शेवटी पनवेलशी लावता येईल. जवळ असणे उपयोगी आहेच, पण त्याला वेगळ्या नावाची वेगळी मेथड हवी. ते काम इक्वल्सवर लादू नये.

काका आणि खटका

इक्वल्सला एक जोडीदार असतो, 'हॅशकोड'. लाखो ऑब्जेक्टच्या ढिगाऱ्यात हवा तो शोधायचा, तर प्रत्येकाशी इक्वल्स लावत बसणे परवडत नाही. म्हणून ऑब्जेक्टच्या माहितीतून एक पूर्णांक काढतात, त्यावरून खण ठरवतात आणि शोध तेवढ्या खणात घेतात. टपालाच्या वर्गवारीत पिन कोड जे काम करतो तेच हे. ४००७०८ लिहिलेले पत्र ऐरोलीच्या खणात पडते, आणि नेमके घर पोस्टमन तिथून पुढे शोधतो. दोघांचे नियमही तंतोतंत जुळतात. पत्ता एकच असेल तर पिन एकच असलाच पाहिजे, पण पिन एक आहे म्हणून पत्ता एक ठरत नाही. तसेच, बरोबर असलेल्या ऑब्जेक्टचा हॅशकोड एकच असलाच पाहिजे, पण हॅशकोड एक आला म्हणून ऑब्जेक्ट बरोबर ठरत नाहीत.

नियमाचा उत्तरार्ध मराठीतच पडताळून बघता येतो. जावा स्ट्रिंगचा हॅशकोड असा काढते: पहिल्या अक्षराचा क्रमांक घ्या, ३१ ने गुणा, पुढच्याचा मिळवा, पुन्हा ३१ ने गुणा, पुढच्याचा मिळवा, शेवटपर्यंत. 'काका' या शब्दात क २३२५ आणि काना २३६६. २३२५ गुणिले ३१ अधिक २३६६ म्हणजे ७४,४४१. आता 'खटका' घ्या. ख २३२६, ट २३३५. २३२६ गुणिले ३१ अधिक २३३५ म्हणजे पुन्हा ७४,४४१. पुढचे 'का' दोन्हीकडे सारखेच असल्याने अखेरची बेरीजही एकच येते, ७,१६,१२,२४२. काका आणि खटका एकाच खणात पडतात. 'गाणे' आणि 'घटणे' यांचेही तसेच. हा दोष नव्हे. हॅशकोडचे पूर्णांक मोजके, शब्द मात्र अमर्याद, तेव्हा कोणीतरी एका खणात येणारच. तिथे कोण काका आणि कोण खटका, याचा निवाडा इक्वल्स करते.

नियमाचा पूर्वार्ध मोडला तर मात्र अनर्थ होतो. पत्त्याचे इक्वल्स नव्याने लिहिले आणि हॅशकोड मूळ क्लासचाच राहू दिला, तर बरोबरीचे दोन पत्ते वेगळ्या खणांत पडू शकतात, आणि यादीत असलेला पत्ता 'नाही' म्हणून उत्तर येते. पायथनने यावर कडक उपाय केला आहे. क्लासमध्ये बरोबरीची व्याख्या लिहिली आणि हॅशची लिहिली नाही, तर त्याचे ऑब्जेक्ट संचात ठेवायलाच भाषा नकार देते.

दुसरा अनर्थ ऑब्जेक्ट खणात ठेवल्यावर त्याची माहिती बदलल्याने होतो. हॅशकोड बदलतो, ऑब्जेक्ट मात्र जुन्या खणातच पडून राहतो आणि नव्या खणात शोधणाऱ्याला सापडत नाही. म्हणून मूल्यासारखे वागणारे ऑब्जेक्ट बदलता येणार नाहीत असेच बनवावेत, हा आता सर्वमान्य शिरस्ता आहे.

प्रत्येक भाषेचा आपला निवाडा

बरोबरी ठरवावी लागते, याचा पुरावा भाषा बनवणाऱ्यांनी घेतलेल्या परस्परविरोधी निर्णयांत दिसतो. पैशांच्या हिशेबासाठी वापरला जाणारा जावाचा 'बिगडेसिमल' ५०.० आणि ५०.०० यांना बरोबर मानत नाही, कारण दशांशस्थळांची संख्या वेगळी आहे. लहानमोठेपणा ताडणाऱ्या मेथडच्या मते मात्र ते समान आहेत. त्यामुळे हॅशवर चालणाऱ्या संचात हे दोन ऑब्जेक्ट राहतात आणि क्रम लावणाऱ्या संचात एक. जावाचाच 'यूआरएल' हा क्लास दोन संकेतस्थळांची नावे एकाच नेटवर्क पत्त्यावर जातात का हे बघून बरोबरी ठरवतो. साध्या तुलनेसाठी नेटवर्कवर चौकशी होते, आणि नेटवर्क बंद असताना उत्तर बदलू शकते. चौथी अट तिथेच कोलमडते.

फ्लोटिंग पॉइंट अपूर्णांकांसाठीच्या १९८५ च्या आयईईई ७५४ प्रमाणात 'ही संख्याच नव्हे' असे दाखवणारे 'नॅन' हे मूल्य आहे, आणि ते स्वतःशीही बरोबर नसते. जावाच्या 'डबल' ऑब्जेक्टच्या इक्वल्समध्ये हा नियम जाणूनबुजून फिरवला आहे. तसे केले नसते तर खणात ठेवलेले नॅन पुन्हा कधीच सापडले नसते. जावास्क्रिप्टमध्ये == वापरले तर मजकूर म्हणून लिहिलेला ४००७०८ आणि आकडा म्हणून लिहिलेला ४००७०८ बरोबर ठरतात, === वापरले तर नाहीत. कॉमन लिस्पमध्ये बरोबरीच्या चढत्या सैलपणाच्या चार पायऱ्या आहेत. कोटलिनने == ला 'तसाच'चे काम दिले आणि 'तोच'साठी === ठेवले.

अलीकडच्या भाषांनी कंटाळवाणे काम माणसाच्या हातून काढून घेतले आहे. कोटलिनचा डेटा क्लास किंवा २०२१ च्या जावा १६ मध्ये कायम झालेले 'रेकॉर्ड' वापरले, की इक्वल्स आणि हॅशकोड दोन्ही आपोआप मिळतात, आणि ते एकमेकांशी जुळतात. सोय मोठी आहे. पण ती 'क्लासच्या मथळ्यात घोषित केलेली सगळी फील्ड सारखी म्हणजे ऑब्जेक्ट सारखे' हा एकच निर्णय गृहीत धरते. पत्ता, रक्कम, तारीख यांना तो चालतो. ग्राहकाला लावला, तर ज्या दिवशी तो मोबाइल क्रमांक बदलेल त्या दिवसापासून प्रोग्राम त्याला अनोळखी मानेल.

म्हणून क्लास लिहिण्याआधी एक प्रश्न संगणक बाजूला ठेवून त्या कामाच्या जाणकाराला विचारावा, मग तो बँकेचा कारकून असो, विमा कंपनीतला दावे तपासणारा असो की टपालाची वर्गवारी करणारा. तुमच्या रोजच्या कामात अशा दोन नोंदी समोर आल्या, तर त्या एकच आहेत हे तुम्ही कशावरून ठरवता, आणि त्यातले काय बदलले तरी तुम्ही त्यांना एकच म्हणाल? त्याचे उत्तर एका वाक्यात लिहून ठेवता येत नसेल, तर इक्वल्स लिहायची वेळ अजून आलेली नाही.